पणजोबा 'डॉक्टर' होते म्हणजे नेमके कोण होते? जुन्या सरकारी दप्तरातून माग काढण्याचा अनुभव

आमच्याकडे पणजोबांचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू यायची: ते सिव्हिल सर्जन होते, आणि प्लेगात त्यांनी फार काम केलं. यापलीकडे कुणालाच काही ठाऊक नव्हतं. जून 2023 मध्ये गावचं घर आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत त्यांच्या पेन्शनचा एक कागद मिळाला. निम्मा वाळवीने खाल्लेला, पण 'तासगाव' आणि '1897' एवढं वाचता येत होतं. तेवढ्यावरून मी शोध सुरू केला. आता दीड वर्षाने त्यांच्या नोकरीचा बराचसा आलेख हाती आला आहे. पणजोबा-खापरपणजोबा इंग्रजी अमदानीत सरकारी डॉक्टर होते असं ऐकत आलेली घरं बरीच आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

आधी हुद्द्यांची उतरंड समजून घ्या, कारण हुद्दा कळल्याशिवाय कुठलं दप्तर उघडायचं हेच कळत नाही. जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन बहुधा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला असे. त्या नोकरीची परीक्षा विलायतेत व्हायची. 1855 पासून ती हिंदुस्थानी लोकांना खुली होती, तरी तिकडे जाऊन परीक्षा देणं कितीजणांना परवडणार? त्याखाली असिस्टंट सर्जन. हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून युनिव्हर्सिटीची पदवी घेऊन आलेले. ते कॉलेज 1845 चं, आणि डॉ. भाऊ दाजी लाड त्याच्या अगदी पहिल्या तुकडीतले. त्याच्याही खाली हॉस्पिटल असिस्टंट. मुंबई इलाख्यात त्यांना तयार करायला पुणे, अहमदाबाद आणि सिंधमधलं हैदराबाद इथे मेडिकल स्कुलं होती. पुण्याचं स्कूल ससून हॉस्पिटलला जोडलेलं होतं. तेच पुढे बी. जे. मेडिकल स्कूल म्हणून ओळखलं गेलं आणि 1946 साली त्याचं कॉलेज झालं. तालुक्याच्या गावी जो 'सरकारी डॉक्टर' लोकांना भेटायचा तो जवळजवळ नेहमी हा हॉस्पिटल असिस्टंटच असायचा. सकाळी बाह्यरुग्ण, दुपारी पोलिसांनी आणलेल्या प्रेताची तपासणी, कोर्टात साक्ष, आणि बाजाराच्या दिवशी व्हरांड्यात माणसांची रीघ. हाताखाली एक कंपाउंडर आणि एक-दोन शिपाई.

आमचे पणजोबा या तिसऱ्या पायरीवरचे निघाले. सिव्हिल लिस्ट आणि 'हिस्टरी ऑफ सर्व्हिसेस'च्या खंडांत मोठ्या साहेबांच्या बदल्या, रजा, बढत्या तारखेनिशी छापलेल्या मिळतात, आणि तुमचे पूर्वज गॅझेटेड असतील तर काम एका दुपारीत होऊ शकतं. मी पाहिलेल्या कुठल्याच वर्षी आमचं नाव त्यांत नव्हतं. दोन महिने मी नाव शोधत राहिले. मग एका अभ्यासक मैत्रिणीने सांगितलं, "नाव शोधू नकोस. गाव आणि हुद्दा शोध. खालच्या माणसाची नोंद सरकार त्याच्या खुर्चीच्या नावाने ठेवतं." पुढे जे काही मिळालं ते या एका सल्ल्यामुळे मिळालं.

मुंबईला पळण्याआधी घरबसल्या पुष्कळ काम होतं आणि ते फुकट होतं. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वैद्यकीय अहवालांचा मोठा संग्रह ऑनलाइन ठेवला आहे. मुंबई सरकारच्या दवाखान्यांचे वार्षिक अहवाल तिथे आणि इतर डिजिटल संग्रहांत मिळून वाचता येतात. त्यांतले तक्ते कंटाळवाणे दिसतात, पण प्रत्येक दवाखान्याची वेगळी ओळ असते: किती रुग्ण आले, किती आत ठेवले, शस्त्रक्रिया किती, सरकारने काय दिलं, म्युनिसिपालिटीने काय दिलं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल नोंदणी करून वापरता येतं. तिथे इलाख्याच्या खालच्या नोकरांबद्दल मला थोडंच मिळालं, पण रोगराईच्या धोरणाबद्दलचे कागद भरपूर आहेत. सातारा जिल्ह्याचं 1885 चं गॅझेटियर मी सबंध वाचून काढलं. गावागावांतल्या कचेऱ्या, रस्ते, बाजार यांचं चित्र त्यावाचून डोळ्यांपुढे उभं राहिलं नसतं.

हे वाचता वाचता मी वहीत एक साधा तक्ता आखला. डावीकडे वर्ष, मधे गाव, उजवीकडे पुरावा. आडनावाची स्पेलिंगं मागच्या पानावर लिहीत गेले, कारण इंग्रज कारकुनाने आमचं आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलं आहे. तुम्हीही स्वतःच्या आडनावाची सुचतील तेवढी स्पेलिंगं आधीच काढून ठेवा. आद्याक्षरांच्या भरवशावर राहू नका, वडिलांचं नाव लक्षात ठेवा.

डिसेंबर 2023 मध्ये मुंबईच्या पुराभिलेखागारात गेले. ते एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, काळा घोड्याजवळ. ओळखपत्र, फोटो, आणि विषय काय व का पाहायचा आहे याचा लेखी अर्ज सोबत हवा. संस्थेचं पत्र असलं तर सोपं जातं. मी कुठल्याच संस्थेची नव्हते, तेव्हा ओळखीच्या प्राध्यापकांकडून पत्र आणलं होतं. फोटो काढू देतात का, झेरॉक्स मिळते का, एका दिवसात किती खंड देतात, हे नियम अधूनमधून बदलतात. निघण्याआधी फोन करून विचारा. पेन्सिल आणि कोरे कागद न्या. धुळीचा त्रास असेल तर मास्क हवाच.

कागद लावले आहेत खात्याप्रमाणे आणि सालाप्रमाणे. डॉक्टरी विषय जनरल डिपार्टमेंटमध्ये येतो, आणि प्लेगच्या वर्षांचे त्याच खात्याचे प्लेगचे म्हणून वेगळे खंड आहेत. आधी त्या सालची सूची मागायची, सूचीत गाव किंवा विषय शोधायचा, खंडाचा आणि कंपायलेशनचा (म्हणजे त्यातल्या एका विषयाच्या कागदांच्या जुडग्याचा) नंबर उतरवायचा, आणि मग मागणीची चिठ्ठी भरायची. पहिल्या दिवशी मी सूचीपलीकडे गेलेच नाही. तुम्हीही फार अपेक्षा ठेवून जाऊ नका. मुक्काम दोन-तीन दिवसांचा धरा. खंड आणून देणाऱ्या कर्मचाऱ्यांना आपण काय शोधतोय ते मोकळेपणी सांगा. त्यांतल्या एका काकांनी मला 'प्लेग ड्यूटी'वर पाठवलेल्या दवाखान्याच्या माणसांचे कागद कुठल्या खंडांत असतात ते सांगितलं. ती गोष्ट सूचीत मला कधीच सापडली नसती.

प्लेगचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी आपली लस स्वतःला टोचून घेतली. 4 फेब्रुवारीला साथरोगाचा कायदा झाला. त्या कायद्याच्या जोरावर घरं उघडून झडती, रोग्याला प्लेगच्या इस्पितळात आणि घरच्यांना सेग्रिगेशन कॅम्पात नेणं, सामान जाळणं, कौलं उतरवून उन्ह आत घेणं, भिंती चुन्याने आणि रसकापराच्या पाण्याने धुणं, असं सगळं सुरू झालं. पुण्यात त्या उन्हाळ्यात गोऱ्या सोजिरांनी घराघरांत शिरून काय केलं आणि 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी कशी झाडली गेली, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. सावित्रीबाई फुले याच साथीत, 10 मार्चला, रोग्यांची सेवा करता करता गेल्या. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता.

त्या सालच्या उत्तरार्धात साथ सातारा जिल्ह्यात पसरली. गाठीचा ताप आला की सगळं गाव उठून रानात झोपड्या घालून राहायचं. आणि रेल्वे स्टेशनवर, नाक्यावर, काखेत नि जांघेत गाठ आहे का ते चाचपून पाहायला एक देशी डॉक्टर उभा असायचा. लोकांना दिसायचा तो हा माणूस. हुकूम साहेबाचा, हात याचा. तेव्हाच्या देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराची इंग्रजी टिपणं सरकार दर आठवड्याला छापून घेत असे. ती पाहताना प्लेगच्या तपासणीबद्दलच्या तक्रारी पानोपानी दिसल्या. त्यांत सोजिरांइतकाच राग हॉस्पिटल असिस्टंटांवरही आहे. कुणी बायकांची तपासणी उघड्यावर केली म्हणून, कुणी पैसे मागितले म्हणून. लिहिणाऱ्यांनाही ते महाग पडत होतं: इस्लामपूरच्या 'प्रतोद'वर आणि वाईच्या 'मोदवृत्ता'वर त्याच वर्षी राजद्रोहाचे खटले झाले. आमच्या पणजोबांचं नाव कुठल्या तक्रारीत आहे का हे मी धडधडत्या छातीने शोधलं. मला मिळालेल्या टिपणांत ते नाही. तरी त्यांनीही लोकांच्या काखा चाचपल्या असणार, लोकांनी त्यांनाही शिव्याशाप दिले असणार, हे धरूनच मी पुढचं वाचत गेले. 'प्लेगात फार काम केलं' या घरच्या वाक्यात हे सगळं दडलेलं होतं.

पुराभिलेखागारातल्या तिसऱ्या दिवशी दुपारी पणजोबांचा अर्ज सापडला. प्लेगच्या कामावर कुणाला कुठून काढून आणलं याबद्दल जिल्ह्याने सर्जन जनरलच्या कचेरीला पाठवलेल्या कागदांच्या चळतीत तो मधेच शिवला होता. फुलस्केपाचं एकच पान, शाई तपकिरी झालेली, उजवी कड वाटाण्याएवढी तुटलेली. ऑक्टोबर 1897. हुद्दा हॉस्पिटल असिस्टंट, मूळ नेमणूक तासगाव, सध्या प्लेग ड्यूटीवर कराड, पगार पस्तीस रुपये. महिन्याची रजा मागितली होती, कारण पत्नीच्या बाळंतपणाचं. अक्षर कुण्या सराईत कारकुनाचं आहे, सही मात्र त्यांची. सहीची पहिली दोन अक्षरं ठाशीव आहेत आणि शेवटची घाईत ओढलेली. समासात तांबड्या पेन्सिलीने दोन ओळींचा शेरा आहे: माणसं कमी, रजा देता येत नाही. त्याच चळतीत जानेवारी 1898 चा दुसरा अर्ज होता. या वेळी फक्त आठ दिवस, कारण 'घरगुती'. ही रजा त्याच दिवशी मंजूर झाली आहे.

मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. पहिल्या अर्जात कारण स्पष्ट लिहिणाऱ्या माणसाने दुसऱ्यात ते का लिहिलं नाही, याने मला झोप लागेना.

याचं उत्तर मुंबईत मिळणार नव्हतं. बाळंतपण माहेरी होणार हे उघड होतं, आणि पणजीचं माहेर सातारा जिल्ह्यातल्याच एका खेड्यात. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना नंबर 14 मध्ये असतात. लोक त्याला 'कोतवाल बुक' म्हणतात. ती पुस्तकं तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मिळतात. फेब्रुवारी 2024 मध्ये मी नकलेसाठी अर्ज दिला. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प, सोबत आधारकार्डाची प्रत, गावाचं नाव, साल आणि शक्य असेल तर महिना. साल मोघम लिहिलंत तर अर्ज पडून राहतो. एका कचेरीत माझा अर्ज साडेतीन महिने कुणाच्या टेबलावर आहे हेच कळत नव्हतं. पोचपावतीवर आवक क्रमांक होता म्हणून निदान विचारता तरी आलं. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. फोनवर काम होत नाही, स्वतः जावं लागतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे माझ्या खेपा स्वस्तात पडल्या.

पुस्तक अखेर मे महिन्याच्या शेवटी बघायला मिळालं. ते मोडीत. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी जाणणाऱ्यांना उसंत राहिलेली नाही. माझ्या वाचकाने पानाला दोनशे रुपये घेतले आणि तीन आठवडे थांबवलं, आणि त्याची काही चूक नाही. हाती वेळ असेल तर स्वतः शिका. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग अधूनमधून निघतात. मी वर्ग केला. सरकारी मोडी अजून सलग वाचता येत नाही, पण नाव, महिना आणि आकडा ओळखू येतो. पानं चाळायला तेवढं पुरतं, मग नेमकं पान वाचकाकडे द्यायचं. त्याने पैसेही वाचतात.

नोव्हेंबर 1897 च्या पानावर मुलीचा जन्म आहे, बापाच्या रकान्यात पणजोबांचं नाव. जानेवारी 1898 च्या पानावर मृत्यू: मुलगी, वय दोन महिने, कारण ताप. ती तारीख दुसऱ्या अर्जाच्या आदल्या दिवशीची आहे.

ही मुलगी आमच्या वंशावळीत नाही. आजोबांच्या आधी कुणी झालं होतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. नोंदीत तिचं नाव लिहिलेलं नाही. कदाचित बारसं झालंही असेल, बापाविना. वाचकाने मला ते वाचून दाखवलं तेव्हा मी काही बोलू शकले नाही, आणि त्या भल्या माणसाने त्या पानाचे पैसे घेतले नाहीत. अशा शोधात असं काही पुढ्यात येऊ शकतं. शक्यतो सोबत कुणाला तरी घेऊन जा.

पुढची वर्षं भराभर लागली, कारण वर्ष-गावाचा तक्ता भरत आला होता. कराड, परत तासगाव, मग वाई. हुद्द्याचं नाव पुढे 'सब-असिस्टंट सर्जन' झालं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, नाहीतर विसाव्या शतकातल्या कागदांत तुमचा माणूस एकाएकी गायब झाल्यासारखा वाटेल. 1912 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात डॉक्टरांचं रजिस्टर सुरू झालं. निवृत्तीनंतर खासगी दवाखाना चालवणाऱ्यांचा माग तिथे लागू शकतो. आमच्या पणजोबांनी 1915 च्या सुमारास पेन्शन घेऊन कराडला दवाखाना घातला. 1918 च्या मानमोडीच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीत तो दवाखाना रात्रंदिवस उघडा होता असं घरचे सांगतात. याला कागदाचा पुरावा मला अजून मिळालेला नाही, म्हणून तक्त्यात ती ओळ पेन्सिलीने लिहिली आहे.

खर्चाचं विचाराल तर प्रवास, मुंबईचा मुक्काम, मोडीवाचन, नकला आणि झेरॉक्स मिळून अठरा हजारांच्या आसपास गेले. निम्म्याहून अधिक मुक्कामाचे. मुंबईत नातेवाईक असतील तर तेवढे वाचतील. वेळ मात्र कुणाचाच वाचणार नाही. नोकरी सांभाळून करणार असाल तर कचेऱ्यांची कामं मार्चअखेर आणि निवडणुकीच्या दिवसांत काढू नका. तेव्हा कुणी जागेवर भेटत नाही.

दिवाळीत सगळे कागद घेऊन थोरल्या आत्याकडे गेले. तिचं वय अठ्ठ्याऐंशी. सिव्हिल सर्जन नव्हते, हॉस्पिटल असिस्टंट होते, हे तिला कसं सांगावं याची मला धास्ती होती. तिने ते शांतपणे ऐकलं. मुलीचं सांगितलं तेव्हा पदराने डोळे पुसले, आणि "आमच्या आजीने कधी तोंडातून काढलं नाही गं," एवढंच म्हणाली. मग पगाराचा आकडा पुन्हा विचारून घेतला.

"पस्तीस रुपये? अगं, मग कराडचं दोन मजली घर त्यांनी कशावर बांधलं? विकत घेतलं का कुणी दिलं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यासाठी सिटी सर्व्हेच्या कचेरीतून मिळकतीच्या चौकशी नोंदवहीचा उतारा काढावा लागतो. मिळकत आधी कुणाच्या नावावर होती आणि हक्क कशाने आला हे त्यात लिहिलेलं असतं. मागच्या आठवड्यात अर्ज दिला आहे, आणि आवक क्रमांक घेतला आहे.